तुझं काय, तू शांत माणूस

राग जात नाहीये. दिवसा कामाच्या रगाड्यात बाजूला पडतो, पण दिवा मालवून पाठ टेकली की पुन्हा उसळतो. दात आवळले जातात, खांदे ताठ होतात. मीरा झोपेत कूस बदलते तेव्हा वाटतं, हिलाही कळलंय.

गोष्ट म्हटली तर केवढीशी. घराचं काय करायचं ते मला न विचारताच ठरलं, हे मला ताईकडून कळलं. मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तुझं काय, तू शांत माणूस. तू नाही म्हणणार नाहीस हे माहीतच होतं, म्हणून नाही विचारलं." त्याच्या आवाजात माया होती. ती होती म्हणूनच जास्त लागलं. मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि तेव्हापासून तो "बरं" मला झोपू देत नाहीये.

आप्पांचा राग घरभर ऐकू यायचा. पण ते राहू दे.

ज्याला ज्याला माझा चेहरा दिसला, त्याने उपाय सांगितला. घाम काढ. वजनं उचल. पळून ये. गाडीच्या काचा वर करून मनसोक्त ओरड. कशाचा राग आलाय, हे मात्र एकानेही विचारलं नाही. निखिलने तर हातमोजे चढवून मला ठोसे मारायच्या बॅगेसमोर उभंच केलं. म्हणाला, "समोर तोच आहे असं समज आणि हाण." मी तसं समजलो आणि हाणत राहिलो. निखिल खूश. पण घरी पोचेपर्यंत मी मनात दादाशी भांडतच होतो, उलट आता त्या भांडणात नवी, जास्त लागणारी वाक्यं सुचत होती. हात दुखत होते आणि राग होता तिथेच.

हे असं का झालं ते शोधत बसलो. कुकरची वाफ सोडावी तसा राग बाहेर काढला की तो संपतो, असं आपण इतकं धरून चाललोय की तपासूनही बघत नाही. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने ते तपासलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. आधी त्यांच्याकडून निबंध लिहून घेतला आणि मग त्यावर मुद्दाम अपमानकारक शेरे मारून त्यांना चिडवलं. त्यानंतर काहींनी शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून बॅगेवर ठोसे मारले, काहींनी व्यायाम म्हणून मारले, तर काही जण दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सगळ्यात जास्त चिडलेले निघाले ते पहिले. नंतर संधी दिल्यावर सूडही त्यांनीच जास्त उगवला. नुसते बसलेले सगळ्यात कमी आक्रमक होते.

वाचून मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे बिघाड माझ्यात नव्हता. राग आला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. शरीर भांडायला सज्ज होतं. अशा वेळी ठोसे मारायचे म्हणजे त्याला सांगायचं, बरोबर आहे, भांडण चालू आहे, असाच तयार राहा. त्यात मनात दादाचा चेहरा. मग ते शांत होणार कधी?

२०२४ मध्ये याच बुशमनने सोफी क्यॅरविकबरोबर १५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. १० हजारांहून जास्त माणसांची माहिती त्यात आहे. संथ श्वास, ध्यान, स्नायू आवळून सैल सोडणं, योग, असं शरीराचा वेग उतरवणारं जे जे आहे त्याने राग कमी होतो. वेग चढवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत होत नाही. पळण्याने तर वाढलेलाच दिसला. चेंडूचे खेळ मात्र थोडे उपयोगी ठरले. मला वाटतं, चेंडूवर नजर ठेवायची तर डोक्यातला माणूस बाजूला करावाच लागतो. मी पळणं सोडणार नाही, हृदयाला ते हवंच आहे. पळताना डोक्यात चाललेला खटला मात्र बंद करायचाय.

तर आता रात्री पडल्या पडल्या हळू श्वास घेतो आणि त्याहून हळू सोडतो. सोडताना जास्त वेळ घ्यायचा, एवढंच. खांदे मुद्दाम आवळून सोडून देतो. पहिल्यांदा करताना विचित्र वाटलं. खरं लिहायचं तर पुरुषासारखं वाटलं नाही. मी बॅग बडवत होतो तेव्हा निखिलने टाळ्या वाजवल्या होत्या. तेव्हाच थांबून मी म्हणालो असतो, "निखिल, मला विचारलं नाही याचं मला फार वाईट वाटलंय," तर त्याने कुठे बघितलं असतं?

इथे आलं की मला स्वतःची कीव येते. चिडलेल्या पुरुषाला लोक वाट करून देतात, दुखावलेल्या पुरुषाचं काय करायचं हे कुणाला कळत नाही. ताईला वाईट वाटलं की चार फोन होतात. मी गप्प बसलो की घर म्हणतं, बरं झालं, याचं काही नाही. लहानपणापासून हेच. कुणाला काय हवं हे विचारताना बोट माझ्यापर्यंत येईतो प्रश्न संपलेला असायचा. आणि दादाला तर... नको. आज नको.

मनातलं कागदावर आल्यावर मात्र थोडं वेगळं दिसतंय. माझ्या रागाखाली राग नाहीच. मोजलं न गेल्याचं दुःख आहे. हे एवढं लिहिताना डोळे भरून आले आणि आवळलेले दात पहिल्यांदा सैल झाले. भावनेला नुसतं नाव दिलं तरी अमिग्डालाची, म्हणजे मेंदूतल्या भीती-रागाशी जोडलेल्या भागाची, खळबळ कमी होते, असं मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमनच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं होतं. तो मेंदूच्या चित्रांवरून बोलतो, मी जबड्यावरून.

जपानमधल्या नागोयातल्या संशोधकांचा आणखी एक प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. अपमान झाल्यावर मनातलं कागदावर लिहायला लावलं. ज्यांनी तो कागद फेकून दिला किंवा यंत्रात घालून त्याचे तुकडे केले त्यांचा राग जवळजवळ पूर्वीच्या पातळीवर आला. ज्यांनी जपून ठेवला त्यांचा तितका उतरला नाही. म्हणून दादावरच्या आरोपांची पानं मी आज फाडली. त्यातली काही वाक्यं फार धारदार होती, बोललो असतो तर जन्मभर मागे घेता आली नसती. हे पान ठेवतोय, कारण यात आरोप नाही.

आणि दादाचंही दिसायला लागलंय. तोही आप्पांच्याच हाताखाली वाढला. आवाज चढवला की काम होतं हे तो शिकला, आवाज केला नाही की निभावतं हे मी शिकलो. त्याने मला गृहीत धरलं ते माझ्यावरच्या विश्वासानेच. याने दुःख कमी होत नाही, पण त्याच्याबद्दल मनात चाललेली शिक्षेची तयारी थांबली. चिनूसमोर मला हेच हवंय. त्याने बाबाला आदळआपट करताना बघू नये, तसंच कायम गिळतानाही बघू नये. परवा त्याने दार आपटलं तेव्हा मी दोन मिनिटं त्याच्याजवळ नुसता बसलो. मग त्याने स्वतःहून सांगितलं. दार आपटायचं नाही हेही मी नंतर सांगितलं, ते सांगायलाच हवं.

रविवारी दादाला फोन करणार आहे. झोप नीट झालेली असताना, घाईची वेळ सोडून. एकच वाक्य ठरवलंय: "दादा, मी होच म्हटलं असतं, पण तू मला विचारायला हवं होतंस." तो चिडला किंवा माझा आवाज चढला तर सांगेन की अर्ध्या तासाने पुन्हा करतो, आणि करेन. तो कदाचित म्हणेल, एवढंच ना? तर म्हणेन, हो, एवढंच. घराचा निर्णय बदलणार नाही, आणि तो बदलावा असं मला वाटतही नाही.