पोटातला दिवा

हवाईतल्या ओआहू बेटाच्या उथळ किनाऱ्यावर त्या रात्री आम्ही दोघी कपाळाला दिवा लावून आणि हातात जाळी घेऊन दीड तास पाणी तुडवत होतो. बादली रिकामीच होती. आम्ही शोधत होतो तो हवाईयन बॉबटेल स्क्विड, म्हणजे एक छोटा माकूळ, दिवसभर वाळूत दडून बसतो आणि काळोख पडल्यावर कोळंबीच्या मागे बाहेर पडतो. मग दिसत का नव्हता?

"हलू नकोस, डाव्या पायाशी बघ," सहकारी कुजबुजली. पायाशी वाळूचा छोटासा उंचवटा होता, आणि तो पोहत होता! अंगातून चिकट स्राव सोडून त्याने वाळूचा कोटच चढवला होता. जाळीत येताच तो कोट गळून पडला.

पहाटेपर्यंत दोन मिळाले. टबात नीट पाहिलं. धड जेमतेम तीन सेंटिमीटर, बटव्यासारखं गोल. दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीसारखे गोल पर. मान जवळजवळ नाहीच, धड मागून थेट डोक्याला जोडलेलं. आठ हात, शिवाय भक्ष्यावर झेपावणारी दोन लांब शुंडकं, एरवी आत ओढून घेतलेली. कातडीवरचे तपकिरी ठिपके क्षणात पसरायचे, क्षणात टाचणीच्या टोकाएवढे व्हायचे, आणि मधल्या फटींतून हिरवट निळी चमक दिसायची.

त्यातला एक प्रयोगासाठी होता. त्याला गुंगी देऊन पोटाच्या बाजूने चिरताना हात जड झाला, आजही होतो. आत शाईच्या पिशवीला बिलगून दोन पाळ्यांचा प्रकाश-अवयव होता. व्हिब्रिओ फिशरी नावाचे जिवाणू त्यात राहतात आणि तेच उजेड पाडतात. पिल्लू जन्मतं तेव्हा त्यात एकही नसतो. समुद्रातून ते काही तासांत आत घेतं. सूक्ष्मदर्शकाखाली मी तो अवयव बघतच राहिले. मागे उजेड परतवणारा चकचकीत थर, समोर भिंग, आणि शाईची पिशवी डोळ्याच्या बाहुलीसारखी उघडझाप करून उजेड कमीजास्त करणारी. पोटात बसवलेला डोळाच हा! चांदण्यात पोहताना पोटातून तेवढाच उजेड खाली सोडला की खालून बघणाऱ्याला सावली दिसत नाही. या अवयवाला स्वतःलाही उजेड जाणवतो, हे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवलं आहे.

दिव्याचा झोत पाडला, आणि थोड्या वेळाने अवयवाच्या छिद्रांतून घट्ट, पांढुरका लगदा बाहेर आला. रोज पहाटे हा प्राणी जवळजवळ 95 टक्के जिवाणू असे टाकून देतो. उरलेले दिवसभर वाढतात आणि रात्रीपर्यंत दिवा पुन्हा भरतो. वाचलेलं होतं, पण तो लगदा पिपेटमध्ये ओढताना माझा श्वास अडकला होता.

दुसरा टबात होता. उजाडताच त्याने अंगातल्या नळीतून पाणी फुंकून तळाशी खळगा केला, आत बसला, दोन हात लांब केले आणि वाळू पाठीवर ओढून घेतली. डोळे तेवढे बाहेर ठेवले.