हमीभावाने कापूस विकला, त्याची गोष्ट

यंदा खेडा खरेदीवाल्याला कापूस द्यायचा नाही, हे दसऱ्यालाच ठरलं होतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. त्यात केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठवलं, त्यामुळे दारावर येणारा व्यापारी सात हजाराच्या वर सरकायला तयार नव्हता. उरली सीसीआय, म्हणजे हमीभावाने कापूस घेणारं केंद्राचं कापूस महामंडळ.

'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची, मग स्लॉट घ्यायचा. सातबाऱ्यावर कपाशीचा पेरा लागतो, म्हणजे ई-पीक पाहणी, पिकाची मोबाईलवरून केलेली नोंद, झालेली हवी. आमच्या पोराने ती बांधावर उभं राहून वेळेत उरकली होती.

खरा घोर ओलाव्याचा. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे दर टक्क्यामागे एक टक्का कपात, १२ च्या वर गाडी परत. एका टक्क्याला ८१ रुपये जातात! म्हणून दव सुकल्याशिवाय वेचणीला हात लावू दिला नाही. बाया कुरकुरल्या. मजुरी किलोवर, आणि सकाळचा कापूस वजनाला भरतो. त्यांचंही चूक नाही. आणलेला माल ताडपत्रीवर पसरून दुपारभर खालीवर केला.

केंद्रावर ग्रेडरने वरचा थर बाजूला सारून आतल्या कापसाला मीटर लावलं, तेही तीन-चार ठिकाणी. मग चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ताणून पाहिला, कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) आणि पाला किती ते पाहिलं. ओलावा १० लागला. १६२ कापून ७९४८ चा भाव पडला.

भरल्या गाडीचं वजन झालं. रिकाम्या गाडीच्या काट्यासाठी थांबलो, तेवढ्यात जिनिंग, म्हणजे कापसातून रुई आणि सरकी वेगळी करायचं काम, पाहून घेतलं. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३४ किलो, बाकी जवळजवळ सगळी सरकी. ती तेल-ढेपेला जाते. रुईची गाठ १७० किलोची. म्हणजे पिकअपभर पंधरा क्विंटल कापसाच्या जेमतेम तीन गाठी! तिथला फिटर म्हणाला, "ओली रुई गाठीत दाबली की पिवळी पडते भाऊ, सूतगिरणीवाला मग भाव पाडतो." तेव्हा कुठे त्या मीटरवरचा राग थोडा उतरला.

पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा झाले. शेवटचा वेचा थोडा आहे आणि कवडीही जास्त. तो गावातच देणार. तेवढ्यासाठी पिकअपचं भाडं निघत नाही.