'काळी'ला इंग्रजीत काय म्हणायचं?

न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलमध्ये मी समुपदेशक आहे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) 2011 पासून इथल्या शाळांना छळाच्या तक्रारींसाठी एक माणूस नेमावाच लागतो. आमच्याकडे ते लोढणं माझ्या गळ्यात. तक्रार आली की शाळेच्या 10 दिवसांत चौकशी पुरी करायची.

त्या दिवशी नववीतली एक मुलगी आली. आई सांगलीची, वडील आफ्रिकन-अमेरिकन. बारीक बारीक वेण्या, टोकांना पिवळे मणी. मान हलली की ते खुर्चीच्या पाठीवर टकटक वाजायचे. काय झालं, मी इंग्रजीत विचारलं. उत्तर मराठीत आलं. "मिस, त्यांना वाटलं मला कळत नाही."

'ते' म्हणजे आपलीच मुलं. जेवणाच्या सुट्टीत ही ट्रे घेऊन टेबलाशी गेली, तर एकजण म्हणाला, "ही काळी इथे कशाला?" बाकीचे फिदीफिदी हसले. कृष्णवर्णीय मुलांच्या टेबलावर बसावं, तर तिथे "तू कुठली आमच्यातली" ऐकावं लागतं. हे मात्र तिनं बसचा नंबर सांगावा तसं सांगून टाकलं.

संध्याकाळी त्या मुलाच्या आईचा फोन. आम्ही गणपतीच्या ढोल-पथकात एकत्र असतो. "अहो ताई, काळी ही काय शिवी झाली? आपण घरात म्हणतोच की!"

म्हणतोच. माझं लग्न ठरताना सासरच्या आत्यांनी 'रंगानं जरा डावी' म्हटलं होतं, तेही घरातच. "उद्या शाळेत बोलू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म भरायला घेतला. त्यात छळाच्या कारणांमध्ये 'वंश' वेगळा, 'रंग' वेगळा. मी दोन्हींवर खूण केली. पुढे उच्चारलेले शब्द इंग्रजीत लिहायचे. लिहिलं, 'ब्लॅक'. आणि हात थांबला. शाळेच्या प्रवेशअर्जात हाच शब्द तिनं स्वतः निवडलाय, 'एशियन'च्या जोडीला. (दोन खुणा केल्या की सरकारी आकडेवारीत मूल 'दोन किंवा अधिक वंश' या एकाच खान्यात जातं, ते वेगळंच.) भाषांतर बिनचूक होतं, फक्त शिवी गळून पडली होती.

शेवटी तिलाच बोलावलं. तिनं आपल्या जबाबाचा कागद पुढे ओढला.

"ळ कसा काढतात?"

मी काढून दाखवला. तिचा पहिला ळ उताणा पडला. दुसरा जमला. त्याखाली तिनं इंग्रजीत लिहिलं : असं म्हणाला, आणि सगळे हसले.