पावश्याच्या मात्रा

इंदुरात मार्च उलटला की पावशा पक्षी सुरू होतो आणि एकाच गल्लीत त्याचे दोन अर्थ लागतात. मराठी घरात तो ‘पेर्ते व्हा’ म्हणतो, शेजारच्या हिंदी घरात ‘पी कहाँ’. एका कानाला पेरणीची घाई, दुसऱ्याला विरह. गंमत म्हणजे मोजणी दोघांचीही बरोबर आहे: सूर तीन, मधल्यावर जोर. दोघांकडूनही निसटतं ते पुढचं. हीच तीन सुरांची ओळ तो चार-सहा वेळा म्हणतो, दर खेपेला थोडी वरच्या पट्टीत, आणि टिपेला पोचल्यावर एकदम तोडतो. मग शांतता. मग पुन्हा खालून सुरुवात.

पक्ष्यांचे आवाज टिपायची वही ठेवायची असेल, तर ते तोडणं तिच्यात आलं पाहिजे.

‘पक्ष्यांचा मधुर किलबिलाट ऐकून मन प्रसन्न झालं’ असं रोज लिहिणाऱ्याची वही आठवड्याभरात बंद पडते, कारण आठव्या दिवशीही तेच वाक्य लिहायचं असतं. आनंद टिकतो तो तपशिलावर. आणि तपशील टिपायचं हत्यार आपल्याकडे शाळेपासून आहे. वृत्तं शिकताना लघु-गुरूच्या खुणा करायचो, त्याच इथे चालतात. आखूड सुराला टिंब, लांब सुराला आडवी रेघ, सूर चढला तर रेघेचं टोक वर, उतरला तर खाली, थांबला की उभा दंड. पावश्याची ओळ अशी काढली की कागदावर जिना दिसतो आणि शेवटची पायरी गायब असते.

बसायची जागा एकच ठेवा. सिरपूरचा तलाव २०२२पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, रेसिडेन्सी भागात अजून मोठी जुनी झाडं आहेत. पण रोज जमेल अशी जागा म्हणजे आपलीच गच्ची. मेच्या मध्यावर इथे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, म्हणून सव्वापाचला बसावं. वारा पडलेला असतो, रस्ता निजलेला असतो, आवाज लांबवर पोचतो. वीस मिनिटं पुरे. त्यातली पहिली पाच काही लिहू नका. तुम्ही आल्यानं जवळचे पक्षी गप्प झालेले असतात, त्यांना पुन्हा सुरू होऊ द्या. फोन खाली ठेवून या, नाहीतर पाच मिनिटं तोच बघण्यात जातात.

सुरुवात तांबटापासून करा, कारण त्याला चुकायला जागा नाही. टुक्, टुक्, टुक्. सगळे लघु, सगळे एका पट्टीत, मिनिटाला शंभराच्या वर. १० सेकंदांतले ठोके मोजून सहानं गुणायचं. पण तो सापडत मात्र नाही. आवाज डावीकडून येतोय म्हणून मान वळवावी, तर उजवीकडून येऊ लागतो. त्याचं कारण असं की तो चोच मिटून ओरडतो. प्रत्येक ठोक्याला गळ्याची पिशवी फुगते-बसते आणि तो डोकं इकडून तिकडे फिरवत राहतो, त्यामुळे ठोका कधी तुमच्या दिशेनं येतो, कधी पाठीकडे जातो. पिंपळाचा किंवा वडाचा निष्पर्ण शेंडा शोधा. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ आणि छाती लाल. एकदा सापडला की ठोका ऐकणं आणि गळा फुगताना बघणं एकाच वेळी होतं.

कोकीळ सोपा वाटतो, पण तिथे कवींनी आपला घोटाळा करून ठेवला आहे. ‘कुहू’ म्हणत सूर चढवत नेणारा तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्यांची मादी गात नाही. ती ‘किक्-किक्-किक्’ असा धारदार, घाईचा आवाज काढते, बहुतेकदा एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना. कवितेत मात्र कोकिळाच गाते. वहीत नर आणि मादी वेगळे लिहा. कावळ्यांचं घरटं जवळ असेल तर दोघांचे आवाज आणि कावळ्यांचा आरडाओरडा यांची वेळ जुळते, कारण तिला अंडं तिथेच घालायचं असतं. पावशाही याच जातकुळीतला. तो सातभाईंच्या घरट्यावर डल्ला मारतो.

फसवणारा पक्षी म्हणजे कोतवाल. शिक्रा या छोट्या शिकारी पक्ष्याची हुबेहूब नक्कल करतो. शिक्रा ऐकला असं वाटलं तर पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवा. आवाज ओळखणारी अ‍ॅपंही इथे गंडतात, शिवाय भोंगे आणि पंपाच्या घरघरीत भलतीच नावं सुचवतात. अ‍ॅपचं उत्तर नेहमी तुमच्या खुणांनंतर बघा, आधी नाही. आणि फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला जवळ बोलावू नका. विणीच्या दिवसांत नराला वाटतं हद्दीत दुसरा शिरला; तो घरटं सोडून त्याला शोधत बसतो.

नोंद कशी दिसावी? ‘५.२५, पिंपळ, तांबट, १० सेकंदांत १८, मध्ये एक चुकला, कारण कावळा आला.’ एवढंच. यातूनच कविता निघते, वेगळा मूड लागत नाही. सगळ्यात सोयीचा साचा देवद्वार छंदाचा, अभंगातला: पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. इथे मात्रा नाही, अक्षरं मोजायची. जोडाक्षर एकच धरायचं. वरच्या नोंदीतून:

पिंपळाच्या माथी
तांबटाचे ठोके
मोजताना डोके
शांत झाले

हमखास चुकतं ते यमकात. ‘ठोके’ला ‘झोके’, ‘मोके’ असं काहीही जोडलं जातं आणि गच्चीवर नसलेला झोका कवितेत येऊन लटकतो. यमकाचा शब्द त्याच दिवशीच्या नोंदीतून किंवा त्या क्षणी अंगाला जे जाणवलं त्यातून घ्या. दुसरी चूक विशेषणांची. सहा अक्षरांत ‘सुमधुर’ बसवलं की चार गेली, आणि ऐकणाऱ्याला कळलं काहीच नाही. ज्यांची उमर माळव्यात-ग्वाल्हेरीत गेली त्या भा. रा. तांब्यांसारखी गेयता आपल्याला येणार नाही, ठीक आहे. अक्षरं तरी नीट मोजू.

पानाच्या तळाशी एक ओळ आभारांची. ‘निसर्गाचे आभार’ लिहिलं तर तो पत्ता नसलेला लिफाफा. कुणाचे, कशाबद्दल, ते लिहा: समोरच्या वाड्यातला पिंपळ अजून उभा ठेवणाऱ्यांचे, आज पहाटे भोंगा न वाजवणाऱ्या दूधवाल्याचे, ज्यांच्या घरट्यांवर पावश्याची पोरं वाढतात त्या सातभाईंचे.

थोडी परतफेडही करता येते. मातीचं रुंद, उथळ परळ घ्या, पाणी दोन बोटं. खोल भांड्यात लहान पक्षी उतरत नाहीत, उतरले तर घसरतात. म्हणून आत एक खडबडीत दगड ठेवा. सावलीत, पण झुडपापासून सात-आठ फूट दूर, नाहीतर मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला, दोन-तीन दिवसांनी नुसत्या ब्रशनं घासा, साबण नको. रोज बदललेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांना वाढायला वेळच मिळत नाही. दाणे मात्र टाकू नका, गच्ची कबुतरांची होते. आणि शेव तर मुळीच नाही. इंदूरकराला हे जड जाईल, पण मीठ-तेल पक्ष्यांसाठी नाही.

जूनमध्ये पाऊस जवळ आला की चातक पोचतो. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, धातूवर वाजावी तशी ‘पिऊ-पिऊ’. तो पहिल्यांदा ऐकलेली तारीख दर वर्षी पहिल्या पानावर लिहायची. पेन्सिलीनं लिहा, पावसाच्या शिंतोड्यात शाई पसरते आणि टिंबाची रेघ होते.