दोरी तेवढी तिची

शार्लट पर्किन्स गिलमनच्या 'द यलो वॉलपेपर' या कथेत डॉक्टर नवरा आजारी बायकोला विश्रांतीसाठी एका खोलीत ठेवतो; तिला तिथल्या वॉलपेपरमागे अडकलेली बाई दिसू लागते आणि शेवटी ती तो कागद फाडते. कथेतली प्रतीकं आणि स्त्रियांचं दमन हा प्रश्न परीक्षेत आला की उत्तरं ठरलेली असतात. वॉलपेपर म्हणजे पितृसत्ता, खिडकीचे गज म्हणजे तुरुंग, कागद फाडणं म्हणजे मुक्ती. आदर्श उत्तरात हेच मुद्दे आणि मुद्द्याला गुण. गाइडांनी या कथेचं वाटोळं केलंय, आणि वर्षानुवर्षं तोच प्रश्न काढणाऱ्यांनी त्यांना हातभार लावलाय.

यंदा पेपर तपासताना एका उत्तरावर मी थांबले. लिहिणारी मुलगी की मुलगा, ठाऊक नाही. पेपरवर बारकोडशिवाय काही नसतं. पहिलंच वाक्य होतं: 'ती मोकळी झाली असेल तर तिने स्वतःला दोरी का बांधून घेतली?'

कथेचं शेवटचं पान सहसा कुणी नीट वाचत नाही. दाराला कुलूप आहे, किल्ली तिने खाली वाटेवर फेकलीय, आणि लपवून आणलेल्या दोरीने तिने स्वतःला बांधून घेतलंय. बाहेर रस्त्यावर मला कुणी नेऊ शकणार नाही, असं ती बजावते. मग भिंतीवरच्या लांबलचक डागाला खांदा लावून रांगत राहते, म्हणजे वाट चुकायला नको. या पेपरात पुढे लिहिलं होतं: गज, भिंतीतल्या कड्या, जमिनीला ठोकलेला पलंग, जिन्यावरचं फाटक हे सगळं ती येण्याआधीपासून होतं. दोरी तेवढी तिची.

त्याला जोड गिलमनच्या आयुष्याची होती. 1887 मध्ये डॉ. वेअर मिचेल यांनी तिला विश्रांतीचा उपचार दिला आणि घरी पाठवताना बजावलं: घरसंसारात रमायचं, बौद्धिक काम दिवसाला फार तर दोन तास, लेखणी-कुंचल्याला जन्मभर हात लावायचा नाही. कथा छापून आली 1892 मध्ये. उत्तराचा शेवट असा: पहारेकऱ्याचं काम रुग्णानेच अंगावर घेतलं की डॉक्टरांचा उपचार पूर्ण होतो.

मी दहापैकी आठ दिले. आम्ही दिलेले गुण पुन्हा तपासणाऱ्या मॉडरेटरांनी पाच केले. शेरा: 'वॉलपेपरचं प्रतीक स्पष्ट नाही.' मी त्यांच्या टेबलाशी जाऊन वाद घातला. ते सज्जन आहेत, पण समोरच्या गठ्ठ्याकडे बघूनच बोलत होते. मुद्दा नाही तर गुण नाहीत, एवढंच म्हणाले. मॉडरेटरांचा आकडा अंतिम असतो.

मला अजून एक गोष्ट सुटत नाही. नवरा दारात येतो तेव्हा ती म्हणते, मी अखेर बाहेर पडले, आता मला परत आत घालता येणार नाही. म्हणते ती त्याच खोलीत, दोरी तशीच असताना. तो बेशुद्ध पडतो, तर प्रत्येक फेरीला त्याच्या अंगावरून रांगत जाते. याला हार म्हणावं तर तिचा आवाज हरलेल्या बाईचा नाही. जिंकली म्हणावं तर ती खोलीतच आहे. त्या पेपरातही याचं उत्तर नव्हतं, पण प्रश्नापर्यंत तो एकटाच पोचला होता.

निकालानंतर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. तो केला जावा असं फार वाटतं, पण बारकोडमागच्या माणसाला ते कळवायची सोय नाही.