पाण्यातली दिवड आणि बांधावरची घोणस

आमचा मळा कृष्णाकाठी आहे. त्यातला खालच्या अंगाचा दीडेक एकराचा तुकडा वर्षानुवर्षे उसाला पाजलेल्या बेसुमार पाण्यामुळे क्षारपड झाला आणि आता जवळजवळ बारमाही पाणथळ राहतो. ऊस तिथे येत नाही. लव्हाळा आणि पाणकणीस मात्र माजते, बेडूक वाढतात आणि बेडकांच्या मागोमाग साप येतात. ‘पाण्यातला साप बिनविषारी’ हा आमच्या घरातला ठरलेला नियम. तो बऱ्याच अंशी खरा असल्यामुळे कोणी त्याची शहानिशा करीत नाही.

पाणथळीत जो साप नेहमी दिसतो तो विरोळा, म्हणजे आमच्याकडची दिवड. पिवळसर किंवा मातकट अंगावर सोंगट्यांच्या पटासारखे काळे ठिपके, आणि डोळ्याखाली व डोळ्यामागे तिरक्या गेलेल्या दोन काळ्या रेघा, ही तिची खूण. डिवचली की ती मान चपटी करते, त्यामुळे तिला नाग समजून मारणारेही भेटतात. दिवड कडकडून चावते, रक्तही येते, पण विष नसते.

नियम फसतो तो पुरात. नाग आणि घोणस दोघेही उत्तम पोहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा बिळांतली, बांधांवरची सगळी जनावरे मिळेल त्या उंचवट्याला लागली. पाणी ओसरल्यावर आम्ही गोठ्यातली ओली पोती उचलत होतो. थप्पीच्या तळाशी वेटोळे दिसले. “अजगराचं पिलू हाय, काय करत न्हाय,” म्हणत तात्यांनी हात पुढे केला, आणि कुकरमधून वाफ सुटावी तसा लांबलचक फुत्कार ऐकून तो तसाच मागे घेतला. ती घोणस होती. तिच्या पाठीवर काळ्या कडेचे तपकिरी लंबगोल डाग तीन ओळींत साखळीच्या कड्यांसारखे मांडलेले असतात. अजगराचे चट्टे वेडेवाकडे, ओळ न धरणारे असतात. हा फरक तात्यांना ठाऊक नव्हता असे नाही, पण चिखलाने माखलेल्या अंगावर आधी शोधायचे काय, हे त्या घाईत सुचत नाही.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती रात्रीची फिरते आणि खाली अंथरूण घालून झोपलेल्यांना डसते. निळसर काळ्या अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडीजोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. बिनविषारी कवड्याचे पट्टे नेमके उलटे, मानेपाशी ठळक आणि मागे विरत जाणारे. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि घरचे पित्त झाले म्हणून सोडा पाजत बसतात. घोणशीच्या दंशाला मात्र जबर सूज येते आणि रक्त गोठणे थांबते. म्हणूनच दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि ते साकळते की नाही, हे पाहतात.

फुरसे खडकाळ, कोरड्या माळाचे. पाणथळीत त्याची गाठ सहसा पडत नाही. पण घोड्यांच्या रक्तापासून बनणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही तीच चालते, त्यामुळे साप मारून पिशवीतून दवाखान्यात नेण्याची काही गरज नसते. करकचून दोरी बांधणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने ओढणे यांनी नुकसानच होते. डसलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला आडवे ठेवून १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने थेट सरकारी दवाखाना गाठावा.

तात्या आता रात्रीचे पाणी द्यायला जाताना गमबूट घालतात, बॅटरी घेतात आणि पोत्यांची थप्पी आधी काठीने ठोकतात. पाण्यातल्या दिवडीला मात्र ते अजूनही हातानेच उचलून बाजूला टाकतात, आणि आम्ही ओरडतो.