गेटवे चालू, ऑफिस बंद

जुलैची २० तारीख म्हणजे सीएच्या ऑफिसात जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं मासिक रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि नेमका आदल्या रात्री पाऊस कोसळलेला. सायनला रुळांवर पाणी, हिंदमाताला नेहमीसारखं गुडघाभर. आम्ही सपोर्ट बघतो ते ऑफिस परळला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. १४ पीसी आणि एक सर्व्हर. सगळ्यांना घरूनच काम करायला सांगितलेलं. नऊच्या सुमारास डोंबिवली, वसई, मीरा रोड असे फोन सुरू झाले आणि प्रत्येकाची तक्रार एकच: "सर, गेटवे बंद पडलाय."

गेटवे बंद नव्हता. त्या सकाळी त्या ऑफिसात धड चालणारी तीच एक गोष्ट होती.

गेटवे म्हणजे घरून ऑफिसच्या पीसीवर जायचं दार; ते त्या सर्व्हरवरच चालतं. तिथली रचना अशी. राउटरवर बाहेरून फक्त ४४३ पोर्ट (आत यायची नंबर दिलेली वाट) उघडा. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुसऱ्या पीसीची स्क्रीन आपल्याकडे आणून चालवणं; त्याचा ३३८९ इंटरनेटला दाखवायचाच नाही. तो उघडा ठेवला की पासवर्ड ओळखायचे प्रयत्न करणारे बॉट काही तासांत येऊन चिकटतात. घरचा लॅपटॉप गेटवेपर्यंत एचटीटीपीएसने येतो. गेटवे आधी सीएपी पॉलिसी बघतो, म्हणजे हा माणूस आत यायच्या लायकीचा आहे का. मग आरएपी, म्हणजे याला कुठल्या पीसीवर जायची परवानगी आहे. दोन्ही जमलं की आतल्या नेटवर्कवर तो स्वतः त्या पीसीच्या ३३८९ वर जातो. म्हणून 'कॉम्प्युटर' या रकान्यात लिहिलेलं नाव घरचा लॅपटॉप शोधत नाही, गेटवे शोधतो. यूडीपी ३३९१ हा आणखी एक पोर्ट उघडला तर स्क्रीन जरा हलकी चालते, पण जानेवारी २०२० मध्ये त्याच वाटेच्या गंभीर त्रुटींसाठी पॅच आले होते, तेव्हापासून आम्ही तो बंदच ठेवतो. टॅलीला तेवढा वेग लागत नाही.

घरी बसलेल्या माणसाला मात्र कुठे अडलं ते कळत नाही. त्याला 'कनेक्ट होत नाही' एवढाच डबा दिसतो, आणि त्यातलं वाक्य कोणी वाचत नाही. खरं उत्तर सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये असतं: मायक्रोसॉफ्ट, विंडोज, टर्मिनलसर्व्हिसेस-गेटवे, ऑपरेशनल. २०० म्हणजे सीएपी पास, ३०० म्हणजे आरएपी पास, ३०२ म्हणजे पीसी लागला. त्या सकाळी २०० आणि ३०० रांगेने होते, आणि त्यांच्या मागे ३०२ ऐवजी ३०४, एरर कोड २३००५. माणूस बरोबर, परवानगी बरोबर, पण समोरचं मशीन हाकेला ओ देत नाही. मधेच एक ३०१ दिसला. वसईच्या मॅडमना कोणीतरी पीसीचा आयपी दिला होता. आरएपीच्या यादीत नावं आहेत, आयपी नाहीत, म्हणून गेटवेने दारातूनच परत पाठवलं. त्यांना पीसीचं नाव टाकायला सांगितलं आणि तो विषय संपला.

बाकीच्यांचं कारण तळमजल्यावर होतं. पहाटे मीटर रूममध्ये पाणी शिरलं म्हणून इमारतीची लाइट बंद केलेली. यूपीएसची बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर नीट शटडाउन झाला, आणि पंप लावून पाणी काढल्यावर सप्लाय आला तेव्हा आपोआप उठला, कारण त्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एसी रिकव्हरी (वीज परत आल्यावर काय करायचं) 'पॉवर ऑन'वर आहे. पीसींपैकी ६ तसेच उठले. ८ झोपलेलेच.

गेटवेमार्गे सर्व्हरवर जाऊन आधी स्विचचं, म्हणजे सगळे पीसी केबलने जोडलेल्या डब्याचं, पोर्ट पेज उघडलं; इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा. असा मॅनेज्ड स्विच नसेल तर इथून पुढे अंधारात चाचपडणंच. ४ पोर्ट १० एमबीपीएसवर होते: पीसी बंद, पण नेटवर्क कार्ड जागं. ३ पोर्टवर लिंकच नाही. आणि ०९ नंबरचं पोर्ट चक्क १ जीबीपीएसवर, पण पिंगला (पीसी उत्तर देतो का, ही चाचणी) उत्तर नाही.

त्या चौघांना सर्व्हरवरून मॅजिक पॅकेट, म्हणजे बंद पीसीला उठवणारा नेटवर्कचा संदेश, टाकलं. १०२ बाइट्सचं असतं ते: आधी ६ वेळा एफएफ, मग त्या पीसीच्या नेटवर्क कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस १६ वेळा. ब्रॉडकास्ट असल्याने राउटर ते सहसा पुढे सोडत नाही. घरून पाठवून उपयोग नाही, आतल्याच मशीनवरून टाकावं लागतं. दोन-तीन मिनिटांत चौघंही ३०२ मध्ये दिसू लागले. लिंक नसलेल्या तिघांच्या बाबतीत उपाय नव्हता. काही बोर्डांवर वीज पूर्ण गेली की कार्डची वेक ऑन लॅनची, म्हणजे अशा पॅकेटने उठायची, तयारी पुसली जाते, आणि पीसी एकदा हाताने चालू केल्याशिवाय ती परत येत नाही.

आता हात कोणाचा? ऑफिसचे मामा लालबागला राहतात, किल्ली त्यांच्याकडेच. ते पाण्यातून चालत आले, फोन स्पीकरवर ठेवला आणि तीन बटणं दाबली. मग ०९ ची स्क्रीन चालू करून अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. सीमॉस बॅटरी संपलेली, तारीख-वेळ सेट नाही, पुढे जायला एफ१ दाबा. मशीन सप्लाय आल्यापासून त्या एका बटणाची वाट बघत बसलं होतं. बोर्डवरचा हा सीआर२०३२ सेल गेला की वीज जाताच काही बोर्डांवर बायॉसच्या सेटिंग्ज मूळपदावर येऊ शकतात, एसी रिकव्हरीसकट. मामांनी एफ२ दाबून पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती परत लावली, तारीख भरली, सेव्ह केलं. फोनवर सांगून बायॉस हाताळायला त्यांच्याइतका शांत माणूस मिळणं कठीण. नवशिके इंजिनिअर याच ठिकाणी चुकीचं बटण दाबतात.

साडेअकराला सगळे आत. मग ठाण्याहून साहेबांचा फोन: डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) ऑफिसच्या पीसीला लावलेलं आहे, पण सही करणाऱ्या ईएमसाइनर प्रोग्रामला दिसत नाही. दिसणारच नाही. रिमोट डेस्कटॉपच्या सेशनमध्ये विंडोज स्मार्ट कार्ड (हे टोकनही त्यातच मोडतं) नेहमी तुमच्या हातातल्या मशीनवर शोधतं, समोरच्या पीसीच्या यूएसबीवर नाही. टोकन घरी असतं तर लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्डवर टिक करून चाललं असतं; ड्रायव्हर मात्र ऑफिसच्या पीसीवर हवा. टोकन ऑफिसात असेल तर कन्सोल, म्हणजे त्या पीसीची स्वतःची स्क्रीन, दाखवणारं साधन लागतं. त्या पीसीवर व्हीएनसी हे असं साधन आधीपासून सर्व्हिस म्हणून बसवलेलं होतं, फक्त आतल्या नेटवर्कपुरतं. साहेब गेटवेमार्गे शेजारच्या पीसीवर गेले आणि तिथून व्हीएनसीने आपल्या पीसीच्या कन्सोलवर. स्क्रीन लॉक होती, तिथेच लॉगिन केलं की सेशन कन्सोलला येतं. टोकन लगेच दिसलं. प्रोप्रायटर क्लायंटचं ओटीपीवर भागतं, पण कंपनी आणि एलएलपींना डीएससीशिवाय गत्यंतर नाही, आणि त्या दिवशी त्याच जास्त होत्या.

दुपारी एकाने काम संपलं म्हणून सवयीने 'शट डाउन' केलं. नंतर परत लागलं तर मॅजिक पॅकेटला उत्तर नाही. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर विंडोजचं शटडाउन अर्धवट हायबरनेशन असतं, आणि त्यात कार्ड जागं ठेवलं जात नाही. पुन्हा मामा.

पुढच्या आठवड्यात सगळ्या पीसींवर हायबरनेशन बंद करायला 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' चालवलं, ग्रुप पॉलिसीने स्टार्ट मेनूतलं शट डाउन काढलं, जुन्या मशीनचे सेल बदलले. आणि कॅबिनेटच्या मागे असलेली पीसीची नावं काढून पुढच्या बाजूला ठळक आकड्यांत चिकटवली, कारण मामांना फोनवर "खिडकीकडून तिसरा" सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कुठल्या खिडकीकडून?"